काटेसाहेब आणि कापलेला झगा

काटेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी उभी हयात काढली. दुकानात शिरल्याशिरल्या त्यांची नजर माणसाकडे न जाता थेट तराजूच्या काट्याकडे जायची, म्हणून दुकानदारांनी ते नाव ठेवलं. दुकानांतून ते नाव ऑफिसात गेलं, ऑफिसातून गल्लीत, आणि गल्लीतून त्यांच्या मागोमाग घरात आलं. बायको एरवी त्यांना ‘अहो’ म्हणायची. फार रागावली की ‘काटेसाहेब’.

‘तुमचा काटा जरा उणा आहे,’ हे वाक्य त्यांनी आयुष्यात जितक्या वेळा उच्चारलं तितक्या वेळा ‘नमस्कार’ही म्हटलं नसेल. खाटकाला म्हटलं, सोनाराला म्हटलं, औषधवाल्याला म्हटलं. लग्न झाल्यावर महिनाभरातच सासऱ्यांनाही म्हटलं. सासऱ्यांचं खिळे-मोळ्यांचं दुकान होतं. काटेसाहेबांनी त्यांचा तराजू सील केला, पावती दिली आणि संध्याकाळी बायकोला घेऊन त्यांच्याकडे जेवायला गेले. सासरे पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. ही गोष्ट काटेसाहेबांच्या लक्षात आली नाही. मुळात सासरे कमी बोलणारे आहेत, असा त्यांचा समज होता.

बायको एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. ‘थोडं थांबा हं, जोडून देते,’ एवढंच ती दिवसभर म्हणायची. पण ते असं म्हणायची की पलीकडचा माणूस खरोखर थांबायचा. तिच्या त्या गळ्यामुळे तिला एका गायकवृंदात कुणीतरी ओढलं. दर मंगळवारी संध्याकाळी ती शाळेच्या हॉलमध्ये गायला जायची. काटेसाहेब तेव्हा घरी बसून पेपर वाचायचे.

मग ते निवृत्त झाले. पहिले काही आठवडे त्यांनी घरातल्या वस्तू तपासल्या. साखरेच्या पुड्या, साबणाच्या वड्या, दुधाचं माप. मग एक दिवस बायको भाजी चिरत असताना ते शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “या चकत्या सारख्या नाहीत.”

तिने सुरी खाली ठेवली. “काटेसाहेब,” ती म्हणाली, “येत्या मंगळवारी तुम्ही माझ्याबरोबर चला.”

असे ते गाण्यात पडले.

गायकवृंद म्हणजे वीसेक माणसं. शाळेतली संगीताची शिक्षिका तो चालवायची. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणायचे, तिच्याहून वयाने दुप्पट असलेलेसुद्धा. खर्जात गाणारा गादीवाला होता. त्याचं चौकात गाद्यांचं दुकान होतं आणि तो स्वतःही उशीसारखा होता, कुणीही येऊन टेकावं असा. काटेसाहेबांना त्याच्या आणि बायकोच्या मधे उभं केलं. शाळेच्या हॉलमध्ये एक जुना पियानो होता. मास्तरीणबाई तो जोरात वाजवायच्या, कारण त्याच्या निम्म्या पट्ट्या हळू वाजवल्या तर बोलतच नसत. त्या गोंगाटात सगळे तोंड उघडून मनापासून गात. काटेसाहेबही गायले. आयुष्यात पहिल्यांदाच आपण कुणाला काही न सांगता वीस माणसांसारखंच करतो आहोत, याचं त्यांना इतकं बरं वाटलं की घरी येताना ते शिट्टी वाजवत होते. 

पुढच्या वर्षी शाळेच्या हॉलचं छत दुरुस्तीला निघालं. गादीवाल्याने आपल्या दुकानावरचं गोदाम देऊ केलं. पियानोही शाळेने देऊन टाकला. न्या बाबांनो, आमची जागा तरी मोकळी होईल, असा एकूण सूर होता. गोदामाला जिना एकच, अरुंद, मधेच काटकोनात वळलेला. काटेसाहेबांनी खिशातून टेप काढून जिना मोजला, पियानो मोजला आणि सांगितलं, “जाणार नाही.”

“जाईल हो, जरा तिरका धरला की,” गादीवाला म्हणाला.

पियानो तिरका धरला. तो वळणावर अडकला. वर गेलेली माणसं वर अडकली आणि खाली राहिलेली खाली. पियानो धड वर जाईना, धड खाली येईना. शेवटी खाली दुकानात एक ग्राहक गादी विकत घ्यायला आला होता, त्याने हात लावला आणि पियानो घसरत रस्त्यावर आला. तो तिथून परत शाळेत गेला नाही. कुठे गेला ते गादीवाल्यालाच ठाऊक.

सगळे धापा टाकत गाद्यांच्या थप्प्यांवर बसले. मास्तरीणबाई मात्र उभ्याच होत्या. त्या थोडा वेळ जिन्याकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “आजपासून आपण आ कापेला.”

“काय कापलं?” गादीवाल्याने विचारलं.

“काही कापलेलं नाही. आ कापेला. बिनवाद्याचं गाणं. परदेशी शब्द आहे.”

या शब्दाने जादू केली. पाच मिनिटांपूर्वी ही पियानो नसलेली माणसं होती. आता ती पियानो न घेणारी माणसं झाली. सगळ्यांनी पाठी ताठ केल्या. पुढच्याच आठवड्यात कुणीतरी तसं लिहिलेला कापडी फलकही करून आणला.

फक्त एक गोष्ट झाली. पियानो गेला आणि त्याच्या गोंगाटाखाली इतके दिवस काय काय दडलं होतं ते ऐकू येऊ लागलं. बहुतेकांचं किरकोळ होतं. काटेसाहेबांचं तसं नव्हतं. त्यांचा सूर सगळ्यांच्या सुराच्या किंचित खाली असायचा. फार नाही. रस्त्याने चालताना एखाद्याचा एक पाय सतत गटाराच्या कडेने चालावा, तितकाच. पण सतत. वर जायचं असो की खाली यायचं, ते सगळीकडे सारखेच उणे होते, आणि आवाज मोठा होता, आणि चेहऱ्यावर आनंद होता. त्यांना स्वतःला यातलं काही ऐकू येत नव्हतं. वीसही माणसांना येत होतं. आयुष्यभर लोकांना ‘तुमचा उणा आहे’ असं तोंडावर सांगणाऱ्या या माणसाला तेच सांगायला कुणी धजेना.

महिन्याभराने मास्तरीणबाईंनी त्यांना बाजूला घेतलं.

“काटेसाहेब, एक जबाबदारी आहे. लोकांना हा आ कापेला प्रकार कळत नाही. कार्यक्रमाआधी कुणीतरी दोन शब्द बोलायला हवेत.”

“शब्द एकच आहे,” काटेसाहेब म्हणाले.

“तोच समजावून सांगायचा. अर्थ काय, आला कुठून. तुमच्यासारखं काटेकोर दुसरं कोण आहे? फक्त, बोलणाऱ्याने गाऊ नये. दम लागतो.”

काटेसाहेबांना ते पटलं. दम हा विषय त्यांना नेहमीच पटायचा. गाता येणार नाही याचं थोडं वाईट वाटलं, पण आजवर कुठलीही जबाबदारी त्यांनी नाकारली नव्हती. ते दुसऱ्याच दिवशी वाचनालयात गेले.

तिथे ते वसंत ऋतूभर बसले. वाचनालयाच्या बाईंनी त्यांना आधी एक शब्दकोश दिला, मग दुसरा, मग संगीताचा जाडजूड कोश, आणि शेवटी कपाटाची किल्लीच दिली. काटेसाहेबांना जे सापडलं ते त्यांनी आधी घरी जेवताना बायकोला सांगितलं.

“हा शब्द कपड्याचा आहे.”

“कसल्या कपड्याचा?”

“झग्याचा. थंडीत खांद्यावरून घेतात तो. अशी आख्यायिका आहे की एक सैनिक होता. ऐन थंडीत वेशीपाशी त्याला एक उघडा भिकारी दिसला. याच्याकडे द्यायला काही नव्हतं. तेव्हा त्याने तलवार काढली आणि अंगावरचा झगा मधोमध कापला. अर्धा त्याला दिला, अर्धा स्वतः घेतला.”

“मधोमध?” बायकोने विचारलं.

“मोजमाप दिलेलं नाही,” काटेसाहेब थोड्या नाराजीने म्हणाले. “पुढे तो सैनिक संत झाला. त्याचा उरलेला अर्धा झगा राजांनी जपून ठेवला. झग्याला त्यांच्या भाषेत काप्पा, आणि छोटा झगा म्हणजे काप्पेला. तो ज्या खोलीत ठेवला त्या खोलीलाही तेच नाव पडलं. मग कुठल्याही छोट्या प्रार्थनाघराला. आपण चॅपल म्हणतो ते हेच. तिथे गाणारे होते, त्यांच्या ताफ्यालाही तेच नाव. आणि ते गायचे त्या पद्धतीने गाणं म्हणजे आ कापेला. चॅपलच्या रीतीने.”

बायकोने थोडा विचार केला. “म्हणजे गादीवाल्याचं बरोबरच होतं की. कापलेलाच होता.”

“तो योगायोग आहे,” काटेसाहेब म्हणाले. “आपल्या ‘कापणे’शी त्याचा काडीचा संबंध नाही.”

हे वाक्य त्यांना पुढे दर कार्यक्रमात म्हणावं लागलं. कारण झग्याची गोष्ट आली की सभागृहात कुणी ना कुणी मागून ओरडायचं, “म्हणजे कापलेला!” आणि सगळे हसायचे. काटेसाहेब हसू ओसरेपर्यंत थांबायचे आणि मग शांतपणे सांगायचे, “तो योगायोग आहे.” त्यावर लोक दुप्पट हसायचे. का हसतात ते त्यांना कळत नसे. पण शिक्षक मेळावा असो, पेन्शनरांची सभा असो, कापड गिरणीचा वर्धापनदिन असो, घरी जाताना लोकांच्या तोंडी गाण्यांची नावं कमी आणि झगा जास्त असायचा. गावात गायकवृंदालाच ‘कापलेला’ म्हणू लागले. ‘आज कापलेल्यांचा कार्यक्रम आहे, येतोस का?’

भाषण आधी चहा निवेपर्यंतचं होतं. मग ते चहा निवून साय धरेपर्यंतचं झालं. मास्तरीणबाई पडद्याआड घड्याळ बघत उभ्या असायच्या. पण काटेसाहेब गात नव्हते, आणि त्या मोबदल्यात त्या बरंच काही सोसायला तयार होत्या.

गडबड झाली ती वाचनालयात नवं पुस्तक आल्यामुळे. बाईंनी ते आवर्जून काटेसाहेबांसाठी बाजूला ठेवलं होतं. त्यात लिहिलं होतं की चॅपलमधलं जुनं गाणं बिनवाद्याचं असायचं ही समजूतच मुळात अर्धवट आहे. काही ठिकाणी ते तसं होतं. पण पुष्कळ ठिकाणी गाणाऱ्यांच्या जोडीला वाद्यं असत, त्यांच्याच सुरावर सूर धरून वाजत. फक्त ते गाण्याच्या कागदावर लिहिलेलं नसे. शेकडो वर्षांनी लोकांनी ते कागद उघडले, त्यांवर वाद्यं दिसली नाहीत, म्हणून त्यांना वाटलं की वाद्यं नव्हतीच. आणि मग बिनवाद्याच्या गाण्याला तो शब्द चिकटला.

काटेसाहेबांनी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. मग पुस्तक मिटलं, चष्मा पुसला आणि थेट मास्तरीणबाईंच्या शाळेत गेले. मधल्या सुट्टीत, रिकाम्या वर्गात, बाकावर बसून त्यांनी सगळं सांगितलं.

“मग?” मास्तरीणबाई म्हणाल्या.

“मग हे सांगावं लागेल. आपण जे गातो त्याचं नाव गैरसमजावर उभं आहे.”

“शनिवारी शेजारच्या गावातल्या वाचनालयाच्या कार्यक्रमात? तिकीट काढून आलेल्या लोकांना? की तुम्ही आता जे ऐकणार आहात तो एक गैरसमज आहे?”

“ते वाक्य चांगलं आहे,” काटेसाहेब म्हणाले आणि मनातल्या मनात ते पाठ केलं.

“काटेसाहेब, मी हात जोडते. झग्यापर्यंत सांगा आणि थांबा. लोकांना झगा आवडतो.”

“अर्धं सांगितलं तर ते उणं माप होईल.”

मास्तरीणबाई शांत बाई होत्या, पण त्या दिवशी सकाळपासून त्यांनी तिसरीच्या दोन तुकड्यांना बासरी शिकवली होती. त्या भडकल्या. “उण्या मापाचं तुम्ही बोलू नका! हे भाषण तुम्हाला का दिलं माहीत आहे? तुम्ही बेसूर गाता म्हणून! महिनाभर आम्ही ऐकलं. मी तरी अजून रेटलं असतं. तुमच्याच बायकोने येऊन सांगितलं, यांना काहीतरी वेगळं काम द्या म्हणून.”

बोलून झाल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला. काटेसाहेब उठले. “सूचनेबद्दल आभारी आहे,” ते म्हणाले. खात्याला कुणी तक्रार कळवली की ते हेच म्हणायचे.

घरी येऊन त्यांनी बूट काढले, हात धुतले आणि जेवले. बायको बटाटे सोलत होती तेव्हा ते तिच्यासमोर बसले.  सालं वाटीत पडत होती.

“मी बेसूर आहे का?” त्यांनी विचारलं.

तिचा हात थांबला. “कोण म्हणालं?”

“कोण म्हणालं ते महत्त्वाचं नाही. आहे की नाही?”

“किंचित.”

“वर की खाली?”

“खाली.”

“किती?”

“अहो, ते असं मोजता येत नाही.”

“सगळं मोजता येतं,” काटेसाहेब म्हणाले. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. “मला सांगितलं का नाहीस? मी सगळ्या जगाला सांगत आलो. तुझ्या वडलांनासुद्धा सांगितलं.”

“म्हणूनच नाही सांगितलं,” ती म्हणाली. “बाबा त्यानंतर त्या तराजूला हात लावेनात. माझ्या भावाला लावायला सांगायचे.” तिने सुरी ठेवली. “मी तुमच्या शेजारी उभी असायचे. तुमचा आवाज कानात शिरायचा आणि मला माझा सूर सापडायचा नाही. मला गाणं सोडावं लागलं असतं. आणि तुम्हाला गाऊ नका म्हणायला जीभ रेटेना. तुम्ही इतके खूश असायचात. तीस वर्षांत तुम्हाला तोंड उघडून हसताना मी तिथेच बघितलं.”

काटेसाहेबांनी वाटीतलं एक साल उचललं, उलटंसुलटं करून बघितलं आणि परत ठेवलं. त्यांना राग आला होता असं म्हणावं, तर तो कुणावर ते त्यांना ठरवता येत नव्हतं. त्यांना लाज वाटत होती. हा पदार्थ त्यांच्या ओळखीचा नसल्यामुळे तो नेमका काय आहे हे समजायला त्यांना शनिवारपर्यंतचा वेळ लागला.

शनिवारी गायकवृंद गादीवाल्याच्या व्हॅनमधून निघाला. शेजारचं गाव फार लांब नव्हतं. काटेसाहेब म्हणाले, मी बसने जातो. कारण त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. बायको व्हॅनच्या दारात थोडी घुटमळली आणि चढली.

बस वेळेवर पोचली. व्हॅन पोचली नाही. तिचा गियर रस्त्यातच अडकला होता, आणि गादीवाला तो जरा तिरका धरून बघत होता.

वाचनालयाचं सभागृह भरलेलं. चिटणीस घामाघूम. “साहेब, तुम्ही त्यांच्यातलेच ना? ते येईपर्यंत तुम्ही बोलता का?”

“मला एका शब्दावर बोलता येतं,” काटेसाहेबांनी कल्पना दिली.

“त्याच्यावर बोला. पण थांबू नका.”

काटेसाहेब स्टेजवर गेले. उजेडात उभे राहिले आणि नेहमीसारखी सुरुवात केली. झगा आला. मागून आरोळी आली, “म्हणजे कापलेला!” लोक हसले. तो योगायोग असल्याचं सांगून झालं. प्रार्थनाघर झालं, गाणाऱ्यांचा ताफा झाला. त्यांनी दाराकडे बघितलं. चिटणिसांनी हाताने ‘चालू द्या’ अशी खूण केली. आता पुढे ते नवं पान होतं. काटेसाहेबांनी ते सांगितलं. ‘आज तुम्ही जे ऐकणार आहात तो एक गैरसमज आहे,’ हे वाक्यही म्हटलं. कुणी उठून गेलं नाही. उलट एक आजोबा पुढे सरकून बसले. मग काटेसाहेबांनी जिन्यात अडकलेल्या पियानोचं सांगितलं. तेव्हा मात्र लोक इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं.

पाणी पिऊन झालं. दारात कुणी नव्हतं. शब्द संपला होता.

थांबू नका असं सांगितलं होतं. म्हणून काटेसाहेब पुढचं, म्हणजे पुढे जे घडलं होतं ते सांगू लागले. “पियानो गेल्यावर मी बेसूर आहे हे सगळ्यांना कळलं,” ते म्हणाले. “मला ते याच आठवड्यात कळलं. माझ्या बायकोचं गाणं माझ्यामुळे बिघडत होतं. तिने तसं मास्तरीणबाईंना सांगितलं, मला सांगितलं नाही. मी आयुष्यभर लोकांना त्यांच्या तोंडावर उणं म्हणत आलो. माझ्या सासऱ्यांना मी जेवायला जायच्या दिवशीच म्हणालो. ते नंतर माझ्याशी बोलत नव्हते असं मला आता वाटू लागलं आहे. ते वारले. त्यामुळे पडताळून बघता येत नाही.”

सभागृह हसत होतं, पण आता जरा वेगळं हसत होतं. काटेसाहेबांना तो फरक कळला. पहिल्यांदाच.

पहिल्या रांगेतल्या एक जाड भिंगांच्या बाई मोठ्याने म्हणाल्या, “अहो, थोडं गाऊन तर दाखवा! किती बेसूर ते आम्हाला कसं कळणार?”

मागणी रास्त होती. सदोष तराजू सदोष आहे हे दाखवायला त्यावर वजन ठेवून दाखवावंच लागतं. काटेसाहेबांनी घसा साफ केला. गायकवृंद शेवटी एक अंगाई म्हणायचा, ती त्यांना पाठ होती. वर्षभर त्यांनी ती मिटल्या तोंडाने ऐकली होती. आता त्यांनी तोंड उघडलं आणि सगळी म्हटली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोन्ही हात शरीराला लावून, तपासणीला उभं राहिल्यासारखं.

जाड भिंगांच्या बाई शेजारणीला म्हणाल्या, “ठीक तर आहे की!” त्यांचा चेहरा पडला होता. एकूण सभागृहच थोडं नाराज दिसलं. चांगलं गाणं त्यांना तसंही पुढे ऐकायचंच होतं.

काटेसाहेब गोंधळले. “मी खाली आहे,” त्यांनी खुलासा केला.

“कशाच्या खाली?” पुढे सरकून बसलेल्या आजोबांनी विचारलं.

काटेसाहेब त्या प्रश्नाचा विचार करत उभे असतानाच पडद्याच्या कडेला हालचाल झाली. व्हॅन आली होती. कधी आली होती ते कळायला मार्ग नव्हता. गादीवाल्याचे हात ग्रीसने काळे झाले होते. मास्तरीणबाई फलकाआड तोंड लपवून उभ्या होत्या. बायको सगळ्यांच्या पुढे होती. तिचे डोळे ओले होते, पण आवाज ऑपरेटरचाच होता. “अहो,” ती हळूच म्हणाली, “जागा द्या. आम्हाला गायचंय.”

काटेसाहेब खाली उतरले आणि जाड भिंगांच्या बाईंशेजारी बसले. गायकवृंद गायला. त्यांच्या बायकोचा आवाज त्यांनी त्या दिवशी समोरून ऐकला. आजवर तो नेहमी बाजूने ऐकला होता, किंवा पडद्यामागून, पुढच्या भाषणाचा विचार करता करता. ‘या बाई कोण हो?’ असं शेजारणीने विचारल्यावर त्यांनी सांगितलं. शेजारीण म्हणाली, “बरं झालं तुम्हाला बाजूला काढलं ते.” काटेसाहेब म्हणाले, “हो. मोजमाप बरोबर होतं तिचं.”

परतीला बायको व्हॅनमध्ये चढली नाही. दोघं बसने आली. उतरताना काटेसाहेब म्हणाले, तुझ्या भावाला एकदा जेवायला बोलवू. ती म्हणाली, बोलवू. भाऊ पुढच्या महिन्यात आला. वडलांचं दुकान आता तोच चालवत होता. काटेसाहेबांनी त्याला वाढलं आणि दुकान कसं चाललंय एवढंच विचारलं.

मास्तरीणबाईंनी नंतर त्यांना मागच्या रांगेत परत उभं राहायला बोलावलं. शाळेत जे बोलून गेल्या त्याचं त्यांना स्वतःलाच फार वाईट वाटत होतं. काटेसाहेबांनी नको म्हटलं. भाषण मात्र त्यांनी सोडलं नाही. आता ते गैरसमजासकट असतं, आणि मास्तरीणबाई पडद्याआड खुर्ची घेऊन बसतात.

गाणं त्यांनी घरी सुरू केलं. सकाळी खिडकीपाशी उभं राहून दाढी करताना ते ती अंगाई म्हणतात. सुरुवातीला बायको ती संपेपर्यंत मोरीचा नळ मोठा सोडायची. मग एक दिवस तिने नळ बंद केला आणि त्यांच्याबरोबर म्हणायला लागली. आपल्या सुरात नव्हे, खाली उतरून, ते होते तिथे. शेवटच्या ओळीला तिला खोकला आला.

“अहो, जरा वरून सुरू करत जा,” ती म्हणाली. “इतक्या खाली माझा घसा दुखतो.”

“किती वरून?” काटेसाहेबांनी विचारलं.

“थोडंसं.”

त्यांनी वस्तरा पाण्यात बुडवला, झटकला आणि पुन्हा सुरू केलं. आपण थोडं वरून सुरू केलं आहे याबद्दल त्यांची खात्री होती. तिने कान देऊन ऐकलं, मान हलवली आणि परत खाली उतरली.